मावळतीकडचं दार

धोंड्या, तू वारलास हे तुझ्या मेव्हण्यानं मला लोणावळ्याच्या स्टेशनात सांगितलं, तेव्हा मी त्याला शिवी दिली. गुड्स ऑफिसातून नुकताच बाहेर पडलो होतो, हातात जेवणाचा डबा होता. तो मळवलीहून गाडीनं आला होता, चेहरा पार उतरलेला. म्हणाला, "दाजी वारलं. भात झोडता झोडता खाली बसलं आन् कलंडलं." मी म्हणालो, असली थट्टा माझ्याशी करायची नाही. तो बिचारा रडायला लागला आणि मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत उभा. शेवटी त्यानंच माझ्या हातातला डबा घेतला आणि मला गाडीत चढवलं.

अजून मी तिथंच उभा आहे असं समज. तुझे दिवस झाले, पाहुणेरावळे गेले, मी कामावर रुजू झालो. वॅगनच्या पावत्या फाडतो, साहेबाला 'हो साहेब' म्हणतो, आणि मध्येच हात थांबतो. धोंडू मेला? कसा काय? रविवारी तर आपण भांडलो होतो. वाडीच्या चौकात व्हायच्या शेडला भिंती घालायच्या की ती मोकळी ठेवायची, यावरून तू मला चारचौघांत 'शहरी शहाणा' म्हणालास आणि मी म्हणालो, तुझ्या डोक्यात कोंडा भरलाय. मला तिथं वाचनालय हवं होतं. तुला भर पावसात लग्न लावता येईल अशी मोकळी जागा हवी होती. "म्होरल्या रईवारी ये, मग सांगतो तुला," असं म्हणून तू मला वाटेला लावलंस. भांडण असं अर्धं टाकून माणूस जातो का रे? हौसावहिनी सांगत होती, सकाळी डावा हात भरून आलाय म्हणालास, म्हणून तिनं तेल चोळून दिलं. तेल चोळून घेतलंस आणि खळ्यावर गेलास. गाढवा, लोणावळ्यात डॉक्टर होता, मी होतो. निरोप धाडला असतास तर पाठीवर घालून नेलं असतं. मला तुझा इतका राग आलाय की रडूच येत नाही.

पण तुझ्या मरणाचं तुला काय सांगायचं. तुझ्या माघारी तुझ्या दारावरून जे झालं ते तुला सांगायचंय. तूच ते दार तसं ठेवलंस, म्हणून तूच ऐकायचं.

वाडी जळाली तो उन्हाळा मला आठवतो तो वासासकट. सगळ्यांची गवताची छपरं, वरून डोंगराचा वारा. माणसं वाचली, गुरं वाचली, बाकी राख. आग लागली तेव्हा नाल्याच्या अलीकडची घरं आणि पलीकडची घरं असा भेद तिनं केला नाही. तुम्हा कोळ्यांची अलीकडं, आमची पलीकडं, खालच्या अंगाला. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी घरं जिथं होती तिथंच होती. मग तालुक्याहून ओव्हरसियर आला. पोरगेला, पुण्याचा, मनानं चांगला. त्यानं नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांना चार खडे ठेवले. एकामागं एक दोन सरळ रांगा, आमच्या रेल्वेच्या क्वार्टर्ससारख्या, आणि नाल्यापलीकडे वेगळी तिसरी. सगळे माना डोलवत होते. कौलारू घर मिळतंय म्हटल्यावर कोण कशाला बोलतंय. तू मात्र गुडघ्यावर बसून नकाशा न्याहाळलास आणि विचारलंस, "सायेब, ह्यात आमी बसायचं कुटं?"

"प्रत्येकाला घर आहे ना," तो म्हणाला.

"घरात न्हवं, घराच्या भाईर. लगीन कुटं लावायचं? पंच कुटं बसनार? सांच्याला कामावनं आलं की चार मानसं कुटं टेकनार?"

त्या पोराचं मला कौतुक वाटतं. दुसरा असता तर चिडला असता. यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मग तुम्हीच सांगा, कसं हवंय ते."

तिथून तुझं सुरू झालं. कागदावर आम्हाला कळत नाही, जमिनीवर काढा, म्हणालास. मधे मोठं मैदान, त्याच्या दोन अंगांना समोरासमोर दोन रांगा, दारं मैदानाकडे. पांढरी फक्की मारून साहेबानं सगळं आखून दिलं. आणि तू वाडीला सांगितलंस, तोंडानं कुणी बोलायचं नाही, ज्याला जिथं घर हवं तिथं त्यानं आपल्या चुलीचे तीन दगड नेऊन मांडायचे. जळक्या घरांतून चुलीचे दगड तेवढे शाबूत राहिले होते. बायाबापडी, म्हातारी, सगळी आपापले काळे दगड उचलून निघाली. असली पंचायत मी जन्मात पाहिली नव्हती. तुझा अभिमान वाटला होता मला. तोंडावर कधी बोललो नाही ते आज बोलतो.

आणि दुपारनंतर बघतो तर काय, एका रांगेत चुलींची ही दाटी झालेली, एकीचे दगड दुसरीला टेकलेले, आणि समोरची अख्खी रांग मोकळी. चौक पाहिजे म्हणून सगळ्यांनी एकमुखानं हो म्हटलं होतं. पण दार उगवतीकडे असायला हवं हेही सगळ्यांनाच पाहिजे होतं, आणि दोन रांगा समोरासमोर आल्या की एकीची दारं मावळतीकडे जाणार, हे एवढ्या मोठ्या वाडीत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. तुझ्यासुद्धा. तुझे दगडही त्या दाटीतच होते, मी पाहिले होते. तुझी आई, तुळसामावशी, तुझ्या दगडांवर राखण करत बसली होती. मावळतीला दार ठेवलं तर घरचा कर्ता माणूस जातो, असं ती शेजारणीला सांगत होती.

तुझे चुलते किसनआबा म्हणाले, सोपं आहे, दोन्ही रांगांची दारं उगवतीलाच ठेवा. यावर तू म्हणालास, "मंजी निम्म्या वाडीच्या मोरीचं पानी निम्म्या वाडीच्या दारात. बरी शोभा व्हईल चौकाला." लोक हसले, पण दगड कुणी हलवेना.

आमची माणसं तोवर नाल्यापलीकडे उभी होती. आमचे दगड तिकडेच मांडायचे असं कागदावर होतं ना. माझ्या आईनं आपले तीन दगड पदरात घेतले, नाला ओलांडला आणि त्या मोकळ्या रांगेच्या बरोबर मधोमध नेऊन ठेवले. म्हणाली, "आमी दिशा आन् म्हूर्त कवाच सोडल्यात. तुमी कुनी हितं येत न्हाई, तर आमी येतो." मागून आमची बाकीची घरंही आली. आईचा हात धरून तिला परत न्यावं असं वाटलं, आणि मी नेलं नाही.

मग जी कुजबुज सुरू झाली ती तूही ऐकलीस. गावाच्या मधोमध? आमच्या दारासमोर? एकानं आपले दगड उचलले, मग दुसऱ्यानं. आम्हाला चौकच नको, जुन्या जागीच बांधू, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. साहेब भांबावून माझ्याकडे बघत होता, जसं काही माझ्याकडे उत्तर होतं. आणि तू उठलास, तुझ्या आईच्या समोरून आपले दगड उचललेस. मावशी ओरडली, "धोंड्या, ठेव ते खाली." तू चौक ओलांडून आलास, माझ्या आईच्या चुलीशेजारी तुझी चूल मांडलीस आणि हात झटकत म्हणालास, "सायेब, मारा फक्की." ज्यांनी दगड उचलले होते ते घटकाभर तसेच उभे राहिले. मग एकेकानं परत ठेवले, आणि दाटी मोडायला साहेबानं ती रांग पुढं लांबवून दिली. वाडी तुझं ऐकायची.

यावरून मी तुझ्याशी पुढं किती वेळा भांडलो. आमची आई नाला ओलांडून आली ते कुणाला खपलं नाही, आणि तू चौक ओलांडलास तेव्हा खपलं. म्हणजे आमच्या घराला तुमचं घर शेजारी असेल तरच किंमत का? तू उपकार केलेस का आमच्यावर? तुझं ठरलेलं उत्तर, "मला भाईर कोन येतंय-जातंय ते बघाया आवडतं, म्हनून घेतली ती जागा." एकदा मी फारच चिडलो, तर म्हणालास, "तुज्या आईच्या हातची भाकर मला आवडती, शेजारी असल्यालं बरं." सरळ उत्तर म्हणून तू कधी दिलंस नाही. मी रागानं उठून जायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तुझ्याच ओट्यावर येऊन बसायचो.

मावशी वर्षभर तुझ्याशी धड बोलली नाही. सकाळी उठून घराला वळसा घालून मागं जायची, उगवत्याला हात जोडायची आणि त्याच वाटेनं परत यायची, तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुटपुटत. पावसाळ्यात तर तिला चांगलंच निमित्त मिळालं. आपल्याकडे पावसाची झड येते तीच मावळतीकडून. पहिल्याच वर्षी आपल्या रांगेतल्या प्रत्येक घरात उंबऱ्याच्या आत पाणी, चुली विझलेल्या, आणि समोरच्या रांगेतली मंडळी कोरड्या ओट्यांवर बसून आमची मजा बघतायत. "घ्या तुमचा चौक," असं मावशी म्हणाली ते मला आठवतंय. मग आपण दोघांनी पडव्या पुढं काढल्या, गवताचे झाप बांधले. माझ्या आईनं मावशीला आपल्या घरातली कोरडी लाकडं दिली आणि मावशीनं ती काही न बोलता घेतली.

थंडी आली आणि सगळं उलटं झालं. दुपार कलली की समोरच्या ओट्यांवर सावली पडायची आणि ऊन यायचं ते आपल्या रांगेच्या ओट्यांवर, ते पार दिवस बुडेपर्यंत. म्हाताऱ्यांना ऊन हवं असतं. पहिल्यांदा किसनआबाच आले, तुझ्या ओट्यावर. तुझा ओटा भरला तेव्हा उरलेले आमच्या ओट्यावर बसले, जरा अंग चोरून. पुढं अंग चोरणंही राहिलं. बाया नाचणी निवडायला सूप घेऊन यायच्या. एकानं कोपऱ्यात वाण्याची टपरी टाकली. पोरांना लस टोचायला येणारी बाई तिथंच खुर्ची मांडायला लागली. ओव्हरसियर एकदा सहज आला होता, बराच वेळ चौकात उभा राहिला आणि मला म्हणाला, "हे मी काढलं नव्हतं हो." मी म्हणालो, धोंडूला सांगा. तुला सांगितलं तर तू म्हणालास, सायेब, त्यापरीस शेडचं बघा.

बस, हे एवढंच होतं आपलं. दोन रांगा आणि मधली मोकळी जागा. आणि तू गेलास त्या रात्री ते सगळं हलायला लागलं.

तुला आत ठेवलं होतं आणि वाडी चौकात बसली होती, तेव्हा मी ऐकलं. बायका हळू आवाजात बोलत होत्या, मावळतीचं दार, मावळतीचं दार. चाळिशी न गाठलेला, कधी आजारी न पडलेला माणूस बसल्या जागी जातो, मग आणखी काय असणार. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. घाबरले होते सगळे. समोरच्या रांगेतही माणसं वारली आहेत, उगवतीच्या दारांतून तिरड्या निघाल्या आहेत, हे मी चार जणांना चार वेळा सांगितलं. लोणावळ्याचा डॉक्टर हृदय बंद पडलं म्हणाला, हेही सांगितलं. ते मान हलवायचे, 'व्हय' म्हणायचे आणि पुन्हा दाराकडे बघायचे. आमच्याच रांगेतला एक जण मला हळूच म्हणाला, "बबन, आपुनबी दार फिरवावं का?"

दहाव्याच्या आदल्या दिवशी किसनआबा गवंडी घेऊन आले, पहारीसकट. तेराव्याच्या आत पुढचं दार लिंपून टाकायचं, मागच्या भिंतीला उगवतीकडे नवं पाडायचं. "पोरं हाईत घरात," ते मला म्हणाले. "तुज्या इद्येनं ती वाचनार हाईत का? धोंडू ऐकला न्हाई, निदान पोरं तरी ऱ्हाऊ देत." त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्याशी भांडू तरी कसा?

आणि मला दुसरं दिसत होतं, जे त्यांना दिसत नव्हतं. तुझं घर पाठ फिरवणार, मग आमची तेवढी घरं उरणार त्या रांगेत. मग ती रांग 'त्यांची' होणार. मग चौकात कुणीतरी कुंपण घालणार, पोरांच्या भल्यासाठीच. नाला नसला तरी नाल्यापलीकडे आम्ही पुन्हा गेलो असतो. हे मी तुझ्या बायकोला कसं सांगू? नवरा गेलेल्या बाईला, की वहिनी, आमच्यासाठी एवढं दार राहू द्या? तिच्यावरच तर सगळे डोळे रोखून होते. तिनं एवढंच म्हटलं, "भावजी, मला काय बी कळंना. आत्याबाई म्हनतील तसं." म्हणजे मावशी. म्हणजे संपलंच, असं मी धरून चाललो.

मावशी आत कोपऱ्यात बसली होती, जिथं तुझा दिवा ठेवला होता. तू गेल्यापासून ती बोलली नव्हती, कुणाशीच नाही. गवंड्यानं मागच्या भिंतीवर पहिला घाव घातला, माती आत पडली. मावशी उठली. भिंतीला हात धरत धरत पुढं आली आणि उंबऱ्यावर बसली, दाराच्या बरोबर मधे.

"कोन लिंपतंय हे दार?"

किसनआबा म्हणाले, "वैनी, तूच सांगत होतीस ना पयल्यापास्नं. तुजं खरं झालं."

"व्हय, माजं खरं झालं," मावशी म्हणाली. "माजं खरं झालं आन् माजं पोर गेलं. आता लिंपून काय मिळनार?"

"पोरांसाटी गं."

"उद्या सांच्याला दिव्याखाली पीठ पसरायचंय. त्यो येनार, पाऊल उमटवनार. त्याला हेच दार ठावं हाय. ह्याच दारानं त्यो भाईर गेला. तुमी हे लिंपलंत तर माजं लेकरू चौकात हुबं ऱ्हाईल, भिंतीला हात लावून आई आई करीत. कुटनं यायचं त्यानं?"

किसनआबांनी तोंडावर उपरणं धरलं. थोड्या वेळानं गवंडी आपली पहार घेऊन आमच्या ओट्यावर जाऊन बसला आणि माझ्या आईनं त्याला चहा दिला. भिंतीचं भगदाड मी आणि तुझ्या मेव्हण्यानं त्याच दिवशी माती कालवून बुजवलं.

मी इतके दिवस डॉक्टर सांगत होतो, हिशेबानं बोलत होतो, आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. मावशीचा मावळतीच्या दारावर राग आहे तो आहेच, उद्याही राहील. पण ते दार ती आता कुणाला लिंपू देणार नाही. तुझ्या मागं ते तिच्यामुळे राहिलं, आणि तिला आमच्या रांगेचं, चौकाचं, माझ्या भीतीचं काहीही ठाऊक नाही. तू असतास तर यावर मोठ्यानं हसला असतास. मला हसू येत नाही, मला नुसतं सुन्न वाटतं.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना तिनं पीठ चाळून घेतलं, दिव्याखाली पातळ पसरलं, वर टोपली घातली. मी उंबऱ्याशी उभा होतो. ती म्हणाली, "बबन, तुमी लोकं असलं मानीत न्हाई, ठावं हाय मला. तरी बस हितं. तुजा आवाज त्याला वळखीचा हाय." मी बसलो. शेडचंच बोलत राहिलो, भिंती नकोत, तुझंच खरं, मोकळी राहू दे, पावसात लग्नं लागतील. मावशी मान हलवत होती. तू येणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं, आजही आहे. तरी बाहेर चौकात कुणाचं पाऊल वाजलं की धोंड्या, बोलता बोलता मी दाराकडे बघत होतो.